डोक्याला मार आणि आत रक्तस्राव: वाचकांचे प्रश्न

खानापूर तालुक्यातून: धाकटा भाऊ मोटारसायकलवरून पडला. जरा वेळ शुद्ध नव्हती, मग उठला, चहा प्यायला, नीट बोलला. झोप येते म्हणून आडवा झाला तो हाका मारून उठेना. बेळगावला ऑपरेशन झालं, आता बरा आहे. शुद्धीवर आलेला माणूस पुन्हा बेशुद्ध कसा पडला?

कानाच्या वरच्या बाजूला कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याला आतून चिकटून एक धमनी जाते. हाड तडकलं की ती फाटते आणि हाड व मेंदूचं जाड आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागतं. याला एक्स्ट्राड्युरल म्हणतात. पहिली बेशुद्धी धक्क्याची होती, ती ओसरली. तो चहा पीत होता तेव्हा आत गाठ वाढत होती. कवटीला ताणायला जागा नाही, त्यामुळे शेवटी मेंदूच दाबला जातो. वेळेत रक्त काढलं तर असे रुग्ण बहुधा ठणठणीत होतात, म्हणून यातला मृत्यू मला फार लागतो.

'झोपू दे, दमलाय' किंवा 'प्यायलाय, उतरेल सकाळी' असं म्हणून कृपा करून सोडून देऊ नका. डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हा पुन्हा उलट्या, बरळणं, फिट, एका डोळ्याची बाहुली मोठी होणं, कानानाकातून रक्त किंवा पाणी येणं, हाक मारली तरी जेमतेम हूं म्हणणं: यातलं एक दिसलं तरी निघा. सोबत हेल्मेटही सांगतो. गावातल्या गावात जातानाही घाला, आणि पट्टा लावून.

निपाणीहून: वडील ७४ वर्षांचे, हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू. महिन्याभरापूर्वी न्हाणीत घसरले, नुसतं टेंगूळ आलं होतं. आता विसरतात, तोल जातो. सगळे म्हणतात, वय झालं.

वय महिन्याभरात होत नाही. म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो, त्याच्यापासून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानंही तुटतात. रक्त थेंबाथेंबानं झिरपतं, त्रास दोन-तीन आठवड्यांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतो. हा जुना सबड्युरल, म्हणजे आवरणाच्या आतल्या बाजूला हळूहळू साचलेलं रक्त. तोवर घरचे पडणंच विसरलेले असतात. त्यांना चालताना बघा: एका पायातली चप्पल निसटते आणि त्यांना पत्ता नसतो, सदऱ्याची बटणं एका हातानं लागत नाहीत.

आजच सीटी स्कॅन करा. तुम्हाला कोल्हापूर जवळ पडत असेल तर तिकडे जा. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, पण तिचं पाकीट डॉक्टरांना आधी दाखवा. रक्त जास्त साचलं असेल तर कवटीला एक-दोन लहान भोकं पाडून काढतात. काहींत पुन्हा साचतं, म्हणून नंतरची तपासणी चुकवू नका.

चिकोडीहून: वहिनींचं डोकं भांडी घासताना एकदम फुटल्यासारखं दुखलं, उलटी झाली. गोळीनं थोडं कमी आहे. थांबू का?

नाही. क्षणार्धात शिगेला पोचणारी, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी म्हणजे मेंदूच्या धमनीवरचा फुगा फुटल्याची शंका. मान आखडली असेल तर जास्तच. तो पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या दिवशी सर्वांत मोठा. पहिल्या सहा तासांतल्या स्कॅनमधून हे सहसा सुटत नाही. उशीर झाला तर पाठीतलं पाणीही तपासावं लागतं. मग फुगा क्लिप लावून किंवा आतून कॉइल, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं, भरून बंद करतात.

येळ्ळूरहून: काकांना वारं गेलं. शेजाऱ्यांनी लगेच अ‍ॅस्पिरिन द्यायला सांगितलं. बरोबर का?

नाही. मेंदूतली नस तुंबली की फुटली, हे नुसतं बघून मलाही सांगता येत नाही. ते स्कॅनच सांगतो. फुटलेली असेल तर अ‍ॅस्पिरिननं रक्तस्राव वाढू शकतो. कांदा हुंगवणं, तेल चोळणं यात वेळ जातो. गिळताना ठसका लागतो म्हणून पाणीही नको. कुशीवर झोपवा, त्रास कधी सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. अशा फुटण्यामागे बऱ्याचदा वाढलेलं ब्लड प्रेशर असतं. बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी सोडलेले लोक अजून भेटतात. तुमच्या घरी कोणी सोडली असेल तर आज पुन्हा डॉक्टरांकडे न्या.