पॉलिसी मोडून जुनी बीएमडब्ल्यू घेऊ का?

प्रश्न: वय 38, राहणार मनीषनगर, नागपूर. पत्नी घरी असते, मुलगी सहा वर्षांची. हाती पगार 1.10 लाख, घरकर्ज 38 लाख, हप्ता 33 हजार. 2014 ची बीएमडब्ल्यू 320डी 13 लाखांत मिळतेय, 92 हजार किलोमीटर झालेत. बँकेतून घेतलेली पॉलिसी (वर्षाला दीड लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी 30 लाख, विमा 15 लाख) चार हप्त्यांनंतर मोडली तर 3.20 लाख येतील. बाकी पर्सनल लोन. तीन वर्षांनी गाडी 11 लाखांना जाईल. इंजिन किती झिजलं असेल?

उत्तर: या गाडीच्या एन47 डिझेल इंजिनाची टायमिंग चेन (झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. ती बदलायची तर गिअरबॉक्स किंवा इंजिनच उतरवावं लागतं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी तुमच्यासमोर सुरू करायला लावा. इंजिनाच्या मागच्या बाजूने खरखर आली तर तिथूनच परत फिरा. मीटरपेक्षा ऑइल बदलल्याची बिलं महत्त्वाची.

अकरा लाख मात्र विसरा. 2029 मध्ये आरसीची 15 वर्षं संपतात. मग फिटनेस, पुनर्नोंदणी, पर्यावरण कर. तेव्हा एवढा भाव कोण देणार? दहा लाखांचं कर्ज 14 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता 23 हजार. घराचा धरून अर्धा पगार गेला.

आता तुम्ही न विचारलेलं. उद्या तुमचं काही झालं तर घरी 15 लाख येतील आणि बँकेचं कर्ज 38 लाख आहे. पत्नीने काय करायचं? पॉलिसी विकणाऱ्याने हा हिशेब मांडलाच नाही, याचा मला राग येतो. 'पैसे दुप्पट' (15 लाख भरून 30 लाख) म्हणजे इथे वर्षाला जेमतेम साडेचार टक्के. पीपीएफसुद्धा 7.1 देतो.

आधी दीड कोटीचा टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा) घ्या. कर्ज फेडून उरलेल्या 1.12 कोटीत महिना 40 हजारांनी घर तेवीस वर्षं चालेल. तुमच्या वयाला प्रीमियम वर्षाला साधारण तीस हजारांच्या आत बसावा. वैयक्तिक आयुर्विम्यावर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीही नाही. खर्रा (तंबाखू-सुपारी) खात असाल तर फॉर्ममध्ये लिहा, लपवलंत तर दावा अडू शकतो.

हा विमा हाती आल्यावरच जुनी पॉलिसी थांबवा. मोडण्याआधी, ती पेड-अप केली (पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू ठेवली) तर शेवटी किती मिळेल, ते कंपनीकडून लेखी घ्या. 3.20 लाख सात टक्क्यांनी सोळा वर्षांत साडेनऊ लाख होतात. कंपनीचा आकडा त्याहून कमी असेल तर मोडा, जास्त असेल तर पेड-अप ठेवा. मोडलीत तर ते पैसे मुलीच्या नावाने गुंतवा, गाडीत घालू नका.