इंग्रजीच्या तासाला माध्यमं शिकताना

अरे, गाइड आधी बाजूला ठेव. 'अजेंडा सेटिंग' (लोकांनी कशावर विचार करायचा हे माध्यमांनी ठरवणं), 'गेटकीपिंग' (कुठली बातमी पुढे जाऊ द्यायची हे ठरवणं) असे शब्द पाठ करून पानं भरतात, समज येत नाही. रोज एकच बातमी घे आणि मराठी, इंग्रजी दोन्ही पेपरांत वाच. 'लाठीमार झाला' लिहिलंय की 'पोलिसांनी लाठीमार केला'? व्याकरणाच्या पुस्तकात पॅसिव्ह व्हॉइस रुक्ष वाटतो. इथे कळतं, कर्ता गाळला की जबाबदारीही गळते. मथळा तर दोनदा वाच.

इंग्रजी कच्चं म्हणून लाजू नकोस. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' वृत्तपत्र १८३२ साली निघालं तेच मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. चर्चेला उभा राहशील तेव्हा कात्रण हातात असू दे, मग उच्चारांकडे कुणी बघत नाही. (आमचे सर तरी बघत नसत.)