गुलाबदाणी धुऊ नकोस

बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझे 22 फोटो परवा मोबाइलवर पाहिले, काल पुतण्याच्या मोठ्या स्क्रीनवर पाहिले आणि आज सकाळी लाइट गेली तेव्हा डोळे मिटून आठवून पाहिले. आठवले तीनच. बाकीचे वाईट आहेत असं नाही, पण ते एकमेकांत मिसळून गेले. सगळ्यांत पितळ, सगळ्यांमागे काळा पडदा आणि सगळ्यांवर तो चहा सांडल्यासारखा पिवळट रंग. प्रोजेक्टचं नाव तू 'काळ' ठेवलंस. मला त्यात जुनेपणा दिसला, काळ काही दिसला नाही.

तो पिवळा रंग आधी काढ. आमच्या डार्करूममध्ये घाईघाईत प्रिंट नीट धुतली गेली नाही, हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, कागदात राहून गेला, की काही वर्षांनी ती पिवळी पडायची आणि गिऱ्हाईक अल्बम घेऊन भांडायला यायचं. ती आमची चूक होती. आणि तू ती फिल्टर लावून मुद्दाम करून राहिली!

आता 14 नंबरचा फोटो. गुलाबदाणीचा. खाली तू लिहिलंस, 'हा खराब आलाय, माझंच प्रतिबिंब दिसतंय'. खरंच दिसतंय. तिच्या पोटात खिडकी आहे, खिडकीचे गज वाकलेत आणि मधे तू, वाटाण्याएवढी, हातात कॅमेरा. माझ्या लक्षात राहिलेल्या तीनांपैकी हा एक. पण त्याहून मोठी गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली. फोटो मोठा करून तिची मान बघ. खालून वर वेल कोरलेली आहे, पानं स्पष्ट आहेत, खाचांत काळं बसलंय. मग चार बोटं रुंदीच्या जागेत वेल जवळजवळ पुसली गेलीय आणि त्याच्या वर पुन्हा पानं सुरू होतात. ती चार बोटं म्हणजे मूठ. गुलाबदाणी तिथंच धरतात आणि मनगटाला झटका देतात. किती लग्नांत, किती हळदीकुंकवांत ती कुणाकुणाच्या मुठीत गेली असेल, त्याचा हिशेब त्या गुळगुळीत पट्ट्यात आहे. तू मात्र पूर्ण गुलाबदाणी मधोमध ठेवून कॅटलॉगसारखा फोटो काढलास.

तेवढी मानच घे. फ्लॅश नको. सकाळी खिडकीचा उजेड अगदी तिरपा आडवा पडू दे, म्हणजे कोरीव काम उठेल आणि झिजलेली जागा सपाट दिसेल. चमक जास्त वाटली तर खिडकीला पांढरं धोतर बांध. तू पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, घ्यायचं म्हणत होतीस, तो काचेवर आणि पाण्यावर काम करतो. उघड्या धातूच्या चमकेवर त्याचा फारसा उपयोग होत नाही, पैसे वाचव.

आणि ती धुऊ नकोस. हे दटावून सांगतोय, कारण मी हे करून बसलोय. तुझ्याच वयाचा होतो. नागपुरात महाल भागातल्या आमच्या वाड्यात आजीचा पितळी पानाचा डबा होता. मला त्याचा 'आर्टिस्टिक' फोटो काढायचा होता. दुपारभर बसून चिंच आणि राखेनं तो घासला. चुन्याच्या कप्प्याभोवती तिच्या बोटानं पडलेली पांढुरकी कड होती, झाकणावर उजव्या बाजूला अंगठ्याचा काळपट डाग होता. सगळं गेलं. डबा सोन्यासारखा झाला. आजी झोपून उठली, डब्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हा कोणाचा आणला रे?"

तो फोटो मी कधी प्रिंट केला नाही.

धूळ असेल तर कोरड्या मऊ फडक्यानं टिप, बस.

इतवारी बाजारातल्या दुकानदारानं तुला गुलाबदाणीबरोबरची अत्तरदाणी 'दीडशे साल पुरानी' म्हणून दाखवली, त्याबद्दल. असेलही. पण मुरादाबादसारख्या ठिकाणी आजही अशा वस्तू होतात आणि नव्या पितळेवर केमिकल लावून 'अँटिक फिनिश' चढवतात. त्यात लबाडी असतेच असं नाही, पुष्कळ दुकानदार तसं सांगूनही विकतात. ओळखायचं कसं, तर हाताच्या हिशेबानं. खऱ्या वापराच्या वस्तूवर जिथं बोट लागतं तिथं ती झिजते आणि जिथं लागत नाही तिथं काळी राहते. बनावट वस्तू सगळीकडून सारखी काळी असते, नाहीतर पॉलिशच्या चाकानं उगाच कुठंही उजळलेली असते. झाकण उघडून बिजागरी बघ, बूड उलटं करून कड बघ. शंभर वर्षं पाटावर ठेवलेल्या भांड्याचं बूड कोरंकरकरीत कसं राहील? तुझ्या कामात दोन्ही ठेव, माझी हरकत नाही, उलट ती जोडी मजेदार होईल. फक्त बनावट वस्तूला खरी म्हणून मांडू नकोस.

एक कायद्याचं, पटकन. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू पुरावस्तू ठरतात, त्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत आणि मूर्तींसारख्या काहींची नोंदणी करावी लागते. कुणी 'गावच्या देवळातली मूर्ती आहे, फोटो काढून दे' म्हणालं तर तिथून उठून यायचं. कॅमेरा बॅगेतच.

आता वेळेकडे. तू सगळे फोटो 1/125 वर काढलेस, शटर दर वेळी सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग उघडं, म्हणजे 22 फोटो मिळून सेकंदाचा पाचवा हिस्साही झाला नाही. काळावरचं काम आणि त्याला एवढासा काळ! माझे वडील लाकडी प्लेट कॅमेऱ्यावर काम करायचे. लेन्सवरचं टोपण काढायचे, 'एक राम, दोन राम' मोजायचे आणि टोपण लावायचे. समोरचा माणूस तेवढा वेळ श्वास धरून बसायचा. त्या जुन्या फोटोंतली माणसं कडक दिसतात ती रागानं नव्हे, हलायची भीती म्हणून. त्याही आधी, 1838 मध्ये, दागेर या फोटोग्राफीच्या फ्रेंच शोधकानं पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो घेतला. भरदिवसाची वेळ, गाड्या-घोडे, माणसं सगळं असणार. पण प्लेटवर रस्ता ओस. प्लेटला मिनिटंच्या मिनिटं उजेड लागायचा, चालणारं कुणीच टिकलं नाही. टिकला एकच माणूस, पाय पुढं करून बूट पॉलिश करून घेणारा. त्याला बिचाऱ्याला ठाऊकही नसेल.

हे तू बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, करून बघ. मेन रोडवर कडेला ट्रायपॉड लाव. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड हजारपट कमी करणारी काळी काच, लावला की 1/40 चं एक्स्पोजर 25 सेकंदांच्या आसपास जातं. गर्दी धूर होऊन जाईल. हातगाडीशी मोजे विकत उभा असलेला माणूस उरेल.

25 सेकंद मी उगाच नाही म्हटलं. आपल्याकडे एक पळ म्हणजे 24 सेकंद. साठ पळांची एक घटिका, म्हणजे 24 मिनिटं, आणि साठ घटिकांचा दिवस. आपण 'पळभर थांब', 'घटकाभर बस' म्हणतो, पण ती मोजायची मापं होती हे विसरून गेलो. घटिका मोजायला तांब्याची वाटी असायची, बुडाला बारीक भोक. ती पाण्यानं भरलेल्या घंगाळात सोडायची. खालून पाणी चढत जायचं, 24 मिनिटांनी वाटी बुडायची. लग्नात गुरुजी मुहूर्त अशानं सांभाळायचे. 'घटका भरली' हा शब्दप्रयोग तिथला आहे, खरोखर भरायची ती. तर तुझ्या एक्स्पोजरला सेकंदांऐवजी पळं लाव. एक पळ, दोन पळं, पाच पळं. त्यानं कॅमेऱ्यात काही फरक पडणार नाही, तुझ्यात पडेल. कॅमेरा साधारण 30 सेकंदांच्या वर स्वतः थांबत नाही, तेव्हा बल्ब मोड, म्हणजे हवं तितकं शटर उघडं ठेवायची सोय, आणि रिमोट लागेल.

तुझ्या घरचं टोल्यांचं घड्याळ 9 नंबरच्या फोटोत आहे. लंबक एकदम गोठलेला, जणू बंद पडलंय. तेच एक पळ उघड्या शटरवर घे. लंबकाची चकती दोन्ही टोकांना दाट उमटेल आणि मधे विरळ होईल, कारण टोकाला ती क्षणभर थांबते आणि मधून झपकन जाते.

माझे आजोबा दर रविवारी आमच्या घड्याळाला चावी द्यायचे आणि गुढीपाडवा झाला की लंबकाच्या खालचा नट जरासा वर फिरवायचे. लहानपणी मला ते व्रतासारखं वाटायचं. नंतर कळलं. लोखंडी दांडी उन्हाळ्यात लांबते, लांब लंबक सावकाश हलतो. घरातल्या घरात थंडी आणि मे यांत वीस अंशांचा फरक धरला तरी घड्याळ दिवसाला दहा सेकंदांच्या वर मागं पडतं, आठवड्याला सव्वा मिनिट. म्हणजे नागपूरचा उन्हाळा घड्याळात शिरतो. तुझ्या घड्याळाचा नट बघ, त्याच्या कडा झिजल्या असतील तर तुझ्याही घरात कुणीतरी पाडव्याला तो फिरवत होतं. तो फोटो मला हवाय.

अजबबंगल्यात एक दुपार घालव. 1863 पासूनचं संग्रहालय आहे आणि आपण नागपूरकर तिथं शाळेची सहल सोडली तर जात नाही. कॅमेरा नेऊ नकोस. काचेमागच्या वस्तू बघ आणि त्यांना हात लागायचा बंद झाला की त्यांचं काय होतं ते वहीत लिही. घरी येऊन आईच्या स्वयंपाकघरातलं उलथणं बघ. त्याची एकच बाजू झिजलेली असेल. आई उजव्या हाताची आहे की डावऱ्या, ते उलथणं सांगेल.

आणखी एक, पण त्याला दिवस गाठावा लागेल. 26 मेच्या आसपास नागपुरात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. तो बाराला येत नाही. देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून त्या दिवशी 12 वाजून 10 मिनिटं होतात. गच्चीवर गुलाबदाणी सरळ उभी कर. तिची लांबलचक मान, आणि सावली तिच्याच बुडाखाली शिरलेली. टोपी घाल, कांदा खिशात ठेव, हसू नकोस. पितळ तापलेलं असेल, उचलताना फडकं घे.

रविवारी नऊच्या आत ये, नंतर ऊन चढतं. गुलाबदाणी जुन्या साडीत गुंडाळून आण, वर्तमानपत्रात नको, शाई लागते. घटिकेची वाटी माझ्याकडे आहे, गुरुजी असलेल्या मामांची. वाटी पाण्यात सोडल्यापासून बुडेपर्यंत शटर उघडं ठेवून एक फोटो घेऊ. मात्र इतक्या वर्षांत तिचं भोक मोठं झालंय, आता ती 22 व्या मिनिटालाच बुडते. ते बुजवून बारीक करून द्यायला इतवारीत एक जण तयार होता, मी वाटी परत घेऊन आलो.

रिमोटचे सेल तेवढे नवे घाल.

तुझा,
काका