प्रवाळबेटांत होडीवर राहताना: वाचकांचे प्रश्न

फ्रेंच पॉलिनेशियातल्या तुआमोटू बेटांत शिडाच्या होडीने हिंडणाऱ्या वाचकांचे हे प्रश्न.

नांगर टाकला की साखळी प्रवाळात अडकते. काय करावं?

आधी नांगर वाळूतच पडेल असं बघा. ऊन डोक्यावर असताना, म्हणजे साधारण दहा ते दोनमध्ये, पोलराइज्ड चष्मा लावून पाण्याचा रंग पाहा. फिकट निळसर दिसली ती वाळू, तपकिरी दिसला तो प्रवाळ. पण खरा घोळ नंतर होतो. वारा फिरला की होडी फिरते आणि साखळी खडकाला वेढा घालते. पन्नास मीटर सोडलेल्या साखळीतली मोकळी दहाबाराच उरते. लाटेबरोबर वर उठायला होडीला वाव राहत नाही, हिसका थेट नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बसतो आणि तिथली कप्पी वाकते. शिवाय वर्षानुवर्षं वाढलेला जिवंत प्रवाळ एका रात्रीत घासून मोडतो. तो आपल्या हयातीत भरून येत नाही.

यावर उपाय म्हणजे साखळीला तरंगते फुगे लावणं. पाणी दहा मीटर खोल असेल तर नांगराजवळची दहाबारा मीटर साखळी तशीच तळावर राहू द्या. नांगरावरची ओढ आडवी असेल तरच तो वाळूत रुततो. पुढे दर पाचसहा मीटरवर एकेक फुगा छोट्या दोरीने आणि कडीने अडकवा. मोत्यांच्या शेतीत वापरतात ते टणक फुगे घ्या. हवा भरलेले मऊ फेंडर खोलवर दाबाने चेपतात आणि उचल देत नाहीत. साखळी खडकांच्या माथ्यावरून तरंगायला हवी. फुगा पाण्यावर दिसायला लागला तर काढून घ्या, नाहीतर एखाद्या बोटीच्या पंख्यात दोरी जाईल. शेवटी मुखवटा लावून पाण्यात उतरा आणि डोळ्यांनी खात्री करा.

भरती-ओहोटीच्या तक्त्यातली पाणी थबकण्याची वेळ साधली, तरी पासमध्ये (प्रवाळाच्या कड्यातून आत शिरायच्या वाटेत) समोरून जोराचा प्रवाह मिळाला. असं का?

इथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम फूट-दीड फूट. पण दक्षिणेकडून मोठ्या लाटा आल्या की त्या प्रवाळाच्या कड्यावरून लगूनमध्ये, म्हणजे आतल्या खाऱ्या सरोवरात, पाणी ओततात आणि ते सगळं पासमधूनच बाहेर पडतं. त्यामुळे पाणी थबकण्याची वेळ पुढे जाते, कधीकधी पाणी थबकतच नाही. प्रवाह सहा नॉटच्याही वर जातो. प्रवाहाच्या उलट वारा असला तर पासच्या तोंडावर उभ्या लाटा माजतात. तासभर आधी पोहोचा, बाहेर थांबून दुर्बिणीने पाहा. शंका आली तर थांबा. कोकणातल्या कोळ्यांना ठाऊकच आहे, उधाणापेक्षा भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस सोपे.

वॉटरमेकरच्या (समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्राच्या) पाण्याला कुजकट अंड्यासारखा वास येतो.

यंत्र बंद ठेवलंत, पण गोड्या पाण्याने धुतलं नाहीत. मीठ गाळणाऱ्या पडद्यात अडकलेले सूक्ष्म जीव उष्ण पाण्यात मरून कुजतात. दर वेळी वापर झाला की गोड्या पाण्याने धुवा. वापर नसला तरी आठवड्यातून एकदा धुवाच. टाकीच्या पाण्यात क्लोरीन असेल तर वाटेत कार्बन फिल्टर हवाच, क्लोरीन पडदा खाऊन टाकतं. बंदरात यंत्र चालवू नका. पाण्यावरच्या डिझेलचा तवंग आत गेला तर पडदा बदलावाच लागतो.

लगूनमधला मासा खावा का?

गावातल्या माणसांना विचारल्याशिवाय खाऊ नका. सिग्वाटेराचं (मासे खाऊन होणाऱ्या विषबाधेचं) विष प्रवाळावरच्या शेवाळात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांतून येतं, छोट्या माशांतून मोठ्यांत साठत जातं. ते शिजवून, तळून, गोठवून जात नाही. चव-वासही बदलत नाही. मोठा बॅराकुडा, मोठा हेकरू आणि मोरे ईल टाळाच. एका बेटावर बिनधोक असलेली जात शेजारच्या बेटावर विषारी निघू शकते. तोंडाभोवती मुंग्या आल्या, गार वस्तू हाताला भाजल्यासारखी लागली, तर दवाखाना गाठा. भर समुद्रात गळाला लागलेला टूना किंवा माही-माही मात्र खुशाल खा.

झुरळं होडीत शिरतात कुठून?

बहुतेक वेळा पुठ्ठ्याच्या खोक्यांतून. अंडी पुठ्ठ्याच्या पन्हळींत असतात. सामान धक्क्यावरच खोक्यातून काढा, केळ्यांचा घड समुद्राच्या पाण्यात बुडवून मगच वर घ्या. शिरलीच असतील तर बोरिक पावडर आणि कंडेन्स्ड मिल्क समप्रमाणात मळून, हरभऱ्याएवढ्या गोळ्या फळ्यांमागे ठेवा. मुलं आणि मांजर पोहोचणार नाहीत इतक्या आत.