वाचकांचे प्रश्न : चाचणीला माणसे आहेत, काम कसे वाटायचे?

प्रश्न : मी सोलापुरातील एका महाविद्यालयात संगणक विषय शिकवतो. लिब्रे ऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या येणाऱ्या आवृत्तीतील नव्या सोयी तपासण्यासाठी विद्यार्थी, एका पतसंस्थेतील कर्मचारी आणि काही निवृत्त शिक्षक असा गट जमवला होता. उत्साह भरपूर होता. पण प्रत्येकाने मनाला येईल ते उघडून पाहिले, व्हॉट्सॲपवर ‘चालत नाही’, ‘इकडे ठीक आहे’ असे निरोप आले आणि बगझिलावर (दोष नोंदवण्याच्या संकेतस्थळावर) गेलेल्या मोजक्या नोंदींपैकी बऱ्याच ‘आधीच नोंदलेल्या’ म्हणून बंद झाल्या. पुढच्या वेळी हे काम नीट कसे बसवावे?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ‘नवी आवृत्ती तपासून पाहा’ एवढेच सांगितले की असेच होते. समन्वयकाचे मुख्य काम गट जमण्याच्या आधीच उरकलेले असावे लागते. आवृत्तीसोबत तयार होत जाणाऱ्या रिलीज नोट्समधून (नव्या बदलांच्या यादीतून) आपल्या गटाला खरोखर तपासता येतील अशा दोन-तीनच सोयी निवडाव्यात आणि प्रत्येकीसाठी काय उघडायचे, काय करायचे व काय दिसले पाहिजे हे क्रमाने लिहिलेला कागद प्रत्येकाच्या हातात द्यावा. फेडोरा या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पाचे ‘टेस्ट डे’ याच रीतीने चालतात : ठरलेला दिवस, एकच विषय, आधी लिहून ठेवलेल्या चाचण्या आणि ज्याने जी चाचणी केली त्याने आपल्या यंत्राच्या तपशिलासह निकाल भरायचा तक्ता. या तक्त्यात ‘जमले’ हा निकालही तितक्याच काटेकोरपणे नोंदला जातो, कारण एखादी सोय कोणी पाहिलीच नाही की पाहून ती ठीक आढळली, हे विकसकाला एरवी कळण्याचा मार्ग नसतो. आपल्या गटातला ‘इकडे ठीक आहे’ हा निरोपही खरे तर निकालच होता. कोणती चाचणी, कोणती बिल्ड (चाचणीसाठी मिळालेली नेमकी प्रत) आणि विंडोज की लिनक्स हे त्यासोबत नसल्यामुळे तो वाया गेला.

विषय निवडताना सोलापूरकर असण्याचा फायदा अवश्य घ्यावा. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू घरात बोलणारे व वाचणारे लोक एका खोलीत जमवणे पुष्कळ शहरांत अवघड असते. आपल्याकडे ते एका वर्गातच सापडतात. म्हणून चारही लिप्यांतला मजकूर असलेली एकच नमुना फाईल तयार करावी. तिच्यात ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ असे अर्ध्या ऱ चे शब्द असावेत, कन्नडमधली ओत्तक्षरे आणि तेलुगूमधले वत्तु (जोडाक्षरात दुसऱ्या व्यंजनाचे वेगळे रूप) असावेत, आणि एका तक्त्याच्या शेजारशेजारच्या चौकटींत मराठी व उजवीकडून डावीकडे जाणारा उर्दू मजकूर असावा. मग ती फाईल नव्या आवृत्तीत उघडून पीडीएफ करायची आणि त्या पीडीएफमध्ये ‘सोलापूर’ हा शब्द शोधल्यावर सापडतो का, तेथून मजकूर उचलून दुसरीकडे डकवला तर जोडाक्षरे शाबूत राहतात का, ते पाहायचे. तेलुगू नीट उमटले आहे की नाही, हे शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागात वाढलेला विद्यार्थी एका नजरेत सांगेल. मराठी वाचणाऱ्याने तिथे ‘ठीक’ लिहिण्याला अर्थ नाही. मात्र जुन्या, युनिकोड ही सामाईक अक्षरसंकेत पद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमधल्या कार्यालयीन फाईली या कामात घेऊ नयेत. तो फॉन्ट यंत्रावर नसला की अक्षरांचा कचरा दिसतो आणि त्यात नव्या आवृत्तीचा काही दोष नसतो, तरीही दर वेळी कोणीतरी उत्साहाने तो बग म्हणून नोंदवतोच.

बिल्ड सर्वांची एकच असावी, याबाबत ढिलाई नको. अल्फा आणि बीटा या सुरुवातीच्या चाचणी बिल्ड ‘लिब्रेऑफिसडेव्ह’ या नावाने नेहमीच्या आवृत्तीशेजारी वेगळ्या बसतात, रिलीज कँडिडेट (प्रकाशनाआधीची जवळपास अंतिम बिल्ड) मात्र नेहमीच्या आवृत्तीची जागा घेते. तेव्हा पतसंस्थेच्या कामाच्या संगणकावर ती चुकूनही बसवू नये. मुख्य आवृत्त्या फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येतात (2024 पासून क्रमांकही त्यावरूनच असतो, जसे 24.2 किंवा 25.8). फेब्रुवारीच्या आवृत्तीच्या रिलीज कँडिडेट साधारण जानेवारीत येतात आणि तेव्हा इथे संक्रांत व सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, त्यामुळे माणसे मिळण्याची आशा धरू नये. डिसेंबरमधली बीटा गाठणे सोयीचे, आणि दुरुस्तीला वेळही अधिक उरतो.

दुबार नोंदींवर उपाय असा की कोणीही परस्पर बगझिलावर जाऊ नये. आधी दोष गटाच्या सामाईक तक्त्यात लिहावा, शेजाऱ्याने तेच टप्पे आपल्या यंत्रावर करून पाहावेत आणि हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये सुरू केल्यावरही दोष राहतो का ते तपासावे, म्हणजे बिघडलेल्या जुन्या प्रोफाइलमुळे (वापरणाऱ्याच्या साठवलेल्या सेटिंगमुळे) होणारे घोळ तिथेच गळतात. नंतर एक-दोन जाणत्यांनी बगझिलात शोध घ्यावा आणि दोष नवा असेल तरच इंग्रजीत नोंद करावी : टप्पे, अपेक्षित काय होते, घडले काय, ‘अबाउट’ खिडकीतून नक्कल केलेला आवृत्तीचा तपशील आणि दोष दाखवणारी लहानात लहान फाईल. नुसत्या स्क्रीनशॉटवरून विकसकाला दोष पुन्हा घडवता येत नाही. नवी नोंद ‘अनकन्फर्म्ड’ (पडताळणी न झालेली) स्थितीत असते आणि नोंदवणाऱ्याने स्वतःच ती पक्की करायची नसते, म्हणून शेजाऱ्याने केलेली पडताळणी त्याच्याच खात्यातून तिथे लिहावी. जोडलेली फाईल जगजाहीर होते, हे पतसंस्थेच्या मंडळींना दोनदा सांगावे. खातेदारांची नावे असलेली खरी यादी न देता तशीच खोटी यादी बनवून द्यावी.

गटाचे खरे दुखणे चाचणीनंतर सुरू होते. पंधरा दिवसांनी विकसक एखादा प्रश्न विचारतो, नोंद ‘नीडइन्फो’ (अधिक माहिती हवी) स्थितीत जाते, विद्यार्थी परीक्षेत गुंतलेला असतो आणि काही महिने उत्तर न आल्याने ती नोंद बंद होते. त्यामुळे प्रत्येक नोंदीवर समन्वयकाने स्वतःचे नाव सीसीमध्ये (सूचना मिळणाऱ्यांच्या यादीत) घालावे आणि येणारे प्रश्न ज्याचे त्याला पोहोचवावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण समन्वयकाशिवाय दुसरे कोणी ते करत नाही.

प्रश्न : मी अशाच एका गटात आहे. मला प्रोग्रामिंग येत नाही. नोंद करण्यापलीकडे माझा काही उपयोग आहे का?
– एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर

उत्तर : आहे. लिब्रे ऑफिसच्या जुन्या आवृत्त्या प्रकल्पाच्या संग्रहात उतरवून घेण्यासाठी उपलब्ध असतात. सापडलेला दोष मागच्या आवृत्तीत होता का, त्याच्या मागच्या आवृत्तीत होता का, असे पाहत गेल्यास तो कोणत्या दोन आवृत्त्यांच्या दरम्यान शिरला हे कळते. पूर्वी नीट चालणारी गोष्ट नव्याने बिघडली असेल तर नोंदीवर ‘रिग्रेशन’ असा शेरा पडतो, आणि कोणत्या बदलामुळे ती बिघडली हे शोधणाऱ्याला शोधाची कक्षा आयती अरुंद करून मिळते. यासाठी वेळ व सावधपणा लागतो. कोड वाचावा लागत नाही. फक्त अनेक जुन्या आवृत्त्या कामाच्या संगणकावर बसवण्याऐवजी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतले एक यंत्र आपल्या समन्वयकांकडून मागून घ्यावे.