खाड्या मोज

पोरी,

तुझा तक्ता उघडून बघितला. अलिबाग ते गोवा सायकलनं, चार दिवस, रोज सव्वाशे-दीडशे किलोमीटर, आणि खाली प्रश्न : "काका, महामार्गाने जाऊ की समुद्राच्या कडेने? प्रत्येकजण वेगळं सांगतोय, डोकं भंजाळलंय." रात्री दोनला पाठवलायस, म्हणजे झोप उडालीय. जमेल तुला, धीर धर वगैरे मी लिहीत बसत नाही. दोनशेची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची दोनशे किलोमीटरची सायकलफेरी, तू साडेतेरा तासांच्या आत सहज काढलीस, पाय तयार आहेत हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. गोंधळ आहे तो तक्त्यात. त्यातला किलोमीटरचा रकाना पुसून टाक आणि तिथे खाड्या लिही.

का, ते नीट समजून घे. सह्याद्रीवरून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या आखूड आणि ताकदीच्या. जांभ्याचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, कापत त्या समुद्राला मिळतात आणि भरतीचं पाणी त्यांच्यात आत, पार कोसच्या कोस चढतं. त्यामुळे किनाऱ्याचा रस्ता सरळ म्हणून नाहीच. सड्यावरून खाडीकाठच्या वाडीत उतरायचं, खाडी ओलांडायची, समोरचा सडा चढायचा. तो चढ शे-सव्वाशे मीटरच उंच असतो, पण एकदम उभा ठाकतो. लोक घाटांना घाबरतात आणि किनारा म्हणजे सपाट असं धरून चालतात, हे वाचलं की माझी चिडचिड होते. पोलादपूर ते महाबळेश्वर हा आंबेनळी घाट घे. सुमारे ४० किलोमीटर रस्ता आणि वर १३५० मीटरवरचं गाव. सरासरी काढलीस तर शंभर मीटरला साडेतीन मीटरसुद्धा चढ पडत नाही. हे जुने घाटरस्ते भरलेल्या बैलगाड्या चढतील अशा बेतानं आखलेले आहेत. किनाऱ्यावर, रत्नागिरीजवळच्या आरे-वारेला किंवा दाभोळसमोरच्या धोपाव्याला, तसा विचार कोणी केलेला नाही. तिथे शंभराला दहाचा चढ सहज लागतो, आणि असे चढ दिवसभर येत राहतात. संध्याकाळी बेरीज केलीस तर एक आख्खा घाट झालेला असतो. म्हणून म्हणतो, किलोमीटर काही सांगत नाहीत, खाड्या मोज.

दिवसाला दोन मोठ्या खाड्या, बस. पहिल्या दिवशी रेवदंड्याचा पूल ओलांडून साळावला, मग काशीद, मुरूड आणि आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघी. दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन सोडून बागमांडल्याहून वेसवीला बाणकोटची खाडी, नंतर अंजर्ल्याची. तिसऱ्या दिवशी दाभोळ आणि जयगड, मुक्काम मालगुंडला. रत्नागिरीच्या पुढे बहुतेक ठिकाणी पूल आहेत : भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्गच्या अलीकडे वाघोटणची खाडी, मग आचरा, कोळंब, कर्ली. पूल असला म्हणून खाडी मोजायची नाही असं करू नकोस. उतार आणि चढ तेवढाच राहतो.

दाभोळचं जरा सविस्तर सांगतो, कारण माणसं तिथेच फसतात. धक्क्यावर पोचतेस, जवळच जुनी शाही मशीद आहे, ती बघून घे. फेरीबोट लागते, लोखंडी फळी खाली येते. ओहोटी असली तर फळीपर्यंतचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो, आणि तुझ्या बुटांना खाली क्लीट, पेडलमध्ये अडकणारा तो टणक तुकडा. सायकल खांद्यावर घेऊ नकोस, हातात धरून तिरकी चाल. आणि मुख्य म्हणजे, बोटीत चढायच्या आधीच गिअर सगळ्यात हलका करून ठेव. पलीकडे धोपाव्याला उतरलीस की पुढेच चढ आहे. बोटीतल्या वाऱ्यानं पाय गार झालेले, मागे ट्रकवाला हॉर्न देतोय, आणि उभ्या सायकलवर गिअर पडत नाही. पाणीही धक्क्यावरच भरून घे. सड्यावर ना सावली, ना दुकान, खालून जांभा तापलेला.

शेवटची फेरी कितीला सुटते ते आदल्या रात्री विचारून ठेवायचं. दाभोळची चुकली तर चिपळूणपर्यंत आत जाऊन वळसा. जयगडची चुकली तर राई-भातगावचा पूल आहे, पण अंधारात तो रस्ता तू एकटीनं काढावास असं मला वाटत नाही. किलोमीटर मोजणारी माणसं इथे अडकतात. दीडशे झाले की थांबू म्हणतात, आणि दीडशे पुरे होतात ते नेमके खाडीच्या अलीकडे, शेवटची बोट गेल्यावर.

आता मुंबई-गोवा महामार्ग. तो आतून का जातो, विचार केलास? खाड्या अरुंद होतात तिथे त्या ओलांडायच्या म्हणून. महाडला सावित्री, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री. २०११ पासून रुंदीकरण चाललंय. धूळ, अवजड गाड्या, मधेच संपणारा काँक्रीटचा पट्टा. चार दिवसांत होईल, नाही म्हणत नाही. पण कोकणातून गेलीस आणि एका खाडीवरही थांबली नाहीस, तर नेमकं काय बघून आलीस?

आमच्या ग्रुपशी माझं यावरूनच बिनसलं. माणगावला सगळे महामार्गानं सरळ पुढे गेले, मी उजवीकडे म्हसळ्याच्या रस्त्याला लागलो. हट्टी म्हणाले, नंतर कोणी असंही म्हणालं की याच्याच्यानं वेग निघत नाही म्हणून यानं खाड्यांचं तत्त्व काढलंय. मी त्यांच्याइतक्याच ब्रेव्हे केल्यात, सहाशेचीसुद्धा, चाळीस तासांच्या आत. वेग मला ठाऊक आहे. मी तेव्हा वळलो ते बरोबरच केलं, आज विचारलंस तरी तसाच वळेन. ती माणसं अजूनही चांगली आहेत, गरज पडली तर अर्ध्या रात्री ट्यूब घेऊन धावतील. एवढ्या एका बाबतीत त्यांचं ऐकू नकोस.

एक हळहळ मात्र आहे. अंजर्ल्याला पूल व्हायच्या आधी खाडी होडीनं ओलांडायचे. होडीत सायकल आडवी घालून पलीकडे जायचं, हे मी कितीतरी हिवाळे पुढे ढकललं. रजा नव्हती, घरी काही ना काही असायचं, आणि खाडी कुठे पळून जातेय असं वाटायचं. पूल झाला. तो हवाच होता. रात्री आजारी माणसाला होडीनं न्यायचं म्हणजे काय, ते तिथल्या एखाद्या आजीला विचार. पण मी त्या होडीत बसलो नाही ते नाहीच. आता बाणकोट, दाभोळ, जयगड इथेही सागरी महामार्गाचे पूल ठरलेले आहेत. म्हणून तुला घाई करतोय. गोवा कुठे जात नाही. फेरीबोटी जातील.

हवेचं थोडक्यात. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. दुपारनंतर वारा वायव्येकडून येतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जातेयस ते चांगलं. मागच्या ब्रेकचे पॅड नवे घाल. खाऱ्या हवेत चेन रोज पुसून तेल द्यायची, कंटाळा करायचा नाही. जेवणाचं सकाळीच फोन करून सांगून ठेव. घरगुती खानावळीत ऐनवेळी गेलीस तर भात संपलेला असतो, आणि तुला भात लागणार.

परतीला बसनं येईन असं लिहिलंयस. नको. घाटानं वर ये, आणि घाटसुद्धा खाडी बघून निवड. जुनी बंदरं खाडीच्या टोकाला होती. गलबतातला माल तिथे उतरायचा आणि तांड्यांनी वर देशावर जायचा. महाडवरून वरंध, चिपळूणवरून कुंभार्ली, राजापूरवरून अणुस्कुरा, खारेपाटणवरून भुईबावडा. हे रस्ते खाडीनंच आखून दिलेत. तू रेडीपर्यंत पोचणार असशील तर तेरेखोलची खाडी बघून मागे सावंतवाडीला ये आणि आंबोली चढ. वर ६९० मीटर, सावली भरपूर, चढ सरळमार्गी. पुढे आजऱ्यावरून कोल्हापूर, आणि तिथून एसटीत सायकल टाकलीस तर माझी तक्रार नाही.

चार दिवसांत हे बसत नाही, कळतंय मला. रजा वाढवून माग. मिळाली नाही तर रत्नागिरीपर्यंतच जा आणि आंबा घाटानं वर ये. गोवा गाळ, खाडी एकही गाळू नकोस.

नवा तक्ता रविवारपर्यंत पाठव. प्रत्येक खाडीपुढे दोन गोष्टी हव्यात : शेवटची फेरी किती वाजता, आणि पलीकडे पहिलं पाणी कुठल्या गावात.

तुझा,
काका