गुन्हा दाखल झाला, आता पुढे काय?

फौजदारी कायद्याविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : खटाव तालुक्यात आमची शेती आहे. बांधावरून चुलत्यांशी वाद होऊन दोन्हीकडून मारामारी झाली. त्यांनी माझ्यावर, भावावर आणि 64 वर्षांच्या वडिलांवर फिर्याद दिली. एफआयआरमध्ये 115(2), 118(1), 352 आणि 3(5) ही कलमे आहेत. वडील तर सोडवायला आले होते. अटक होईल का? अटकपूर्व जामीन घ्यावा का?

उत्तर : ही भारतीय न्याय संहितेची कलमे आहेत. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनांना तीच लागतात. 115(2) म्हणजे साधी दुखापत, 352 म्हणजे शिवीगाळ. दोन्ही अदखलपात्र आणि जामीनपात्र. तेवढेच असते तर ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवून विषय मिटला असता. 3(5) हा स्वतंत्र गुन्हा नाही. सगळ्यांचा इरादा एकच होता असे दाखवायला ते जोडतात, आणि सोडवायला आलेला माणूस त्यातूनच आरोपी होतो.

सगळा भार 118(1) वर आहे : धारदार किंवा जीवघेण्या हत्याराने दुखापत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, पण दखलपात्र आणि अजामीनपात्र. उलट हाड मोडल्याचे 117(2) सात वर्षांचे असूनही जामीनपात्र आहे. म्हणजे बुक्कीने दात पडला तर जामीन हक्काचा, आणि खुरप्याने ओरखडा उठला तर कोर्टाच्या मर्जीवर. फिर्यादीत काठीचा कोयता का होतो, हे यावरून कळावे.

म्हणून वैद्यकीय प्रमाणपत्रावर लक्ष ठेवा. जखम ‘कठीण व बोथट’ वस्तूने झाली असे डॉक्टरांनी लिहिले असेल आणि फिर्यादीत कोयता असेल, तर 118(1) तिथेच लंगडे पडते. प्रमाणपत्राची प्रत तुम्हाला दोषारोपपत्रासोबत मिळेल, पण जामिनाच्या सुनावणीत वकील हा मुद्दा आधीच काढू शकतात. तुम्हालाही मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्या. चार दिवसांनी दाखवलेल्या जखमेवर कोर्ट फारसे विसंबत नाही. तुमची उलट फिर्याद ठाण्यात घेत नसतील तर ती लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. त्यानंतरही काही हालले नाही, तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

आता अटक. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे याची कारणे पोलिसांना लिहावी लागतात, नाहीतर नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास, अटक आणि जामिनाची पद्धत ठरवणारा कायदा) कलम 35(3) ची नोटीस देऊन चौकशीला बोलवावे लागते. नोटीस आली की ठरल्या वेळी जा आणि हजेरीची नोंद मागा. ती पाळणाऱ्याला, वेगळी कारणे नोंदवल्याशिवाय, अटक करता येत नाही. नोटीस चुकवली की अटकेचे कारण आपणच पुरवतो. साठी ओलांडलेल्यांना उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही, हे खरे आहे. पण ती सवलत तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे. 118(1) बरोबर तीन वर्षांचे, म्हणून वडिलांना ती लागू होत नाही.

नोटीस आलेली नाही आणि पोलीस ‘हत्यार जप्त करायचे आहे’ म्हणत असतील, तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा. तो सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात करावा लागतो. वडूजच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना तो अधिकार नाही. अर्जात तिघांची भूमिका वेगवेगळी मांडा. वडिलांच्या हातात काय होते, त्यांनी कुणाला मारले, हे फिर्यादीत नसेल तर तेच त्यांच्या अर्जाचे बळ.

अटक झालीच तर कारणे तुम्हाला समजणाऱ्या भाषेत लेखी मिळाली पाहिजेत. कोर्टासमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी ती द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितले आहे. नातेवाइकाला कळवणे, वैद्यकीय तपासणी आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे बंधनकारक आहे. पोलिसांपुढील कबुली पुरावा होत नाही आणि पोलीस जबाबावर सही घेता येत नाही. पण ‘कोयता गोठ्यात लपवलाय, काढून देतो’ असे म्हणून तो पंचांसमक्ष काढून दिला, तर वस्तू सापडण्यापुरते ते बोलणे पुराव्यात येते. बहुतेक माणसे इथेच अडकतात.

चुलत्यांशी समेट झाला तर 115(2) खालच्या कोर्टात मिटते, 118(1) मिटत नाही. त्यासाठी गुन्हा रद्द करण्याचा अर्ज उच्च न्यायालयात करावा लागतो. 2025 च्या ऑगस्टपासून सातारा-सांगलीकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे हे जिल्हे आहेत.

प्रश्न : औषध-खताच्या उधारीपोटी दुकानदाराकडे सही केलेला कोरा चेक ठेवला होता. द्राक्षाचे पैसे आल्यावर बरीच उधारी फेडली. आता त्याने 4,20,000 रुपये भरून चेक वटवायला टाकला. तो परत गेला आणि वकिलाची नोटीस आली. बाकी 1,30,000 च आहे. (तासगाव)

उत्तर : सही तुमची, म्हणून आकडा दुसऱ्याने भरला या बचावावर एकट्यावर विसंबू नका. चेक देणे फेडण्यासाठीच होता, असे कायदा गृहीत धरतो (परक्राम्य लेख अधिनियम, कलम 139). ते खोडण्याचे ओझे तुमच्यावर आहे, मात्र संशयापलीकडे सिद्ध करावे लागत नाही. कोर्टाला शक्यता तुमच्या बाजूने वाटली तरी पुरते.

तुमचा खरा मुद्दा वेगळा आहे. चेक बँकेत टाकला त्या दिवशी चेकवरच्या रकमेएवढे देणे उरलेच नव्हते. अंशतः फेड झाली असताना तिची नोंद चेकवर न करता पूर्ण रक्कम मागितली, तर कलम 138 चा (चेक न वटल्याचा) गुन्हा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले आहे. हे दाखवायला दुकानाची बिले, खात्याचा उतारा आणि फेडीच्या ऑनलाइन नोंदी आजच गोळा करा. रोख दिले असतील तर पावती शोधा.

मुदती : चेक परत गेल्याचे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस निघाली पाहिजे. ती मिळाल्यापासून तुम्हाला 15 दिवस, आणि त्यानंतर तक्रारीसाठी त्याला एक महिना. त्या 15 दिवसांत वकिलामार्फत उत्तर द्या आणि कबूल असलेले 1,30,000 बँकेतून भरा. पोस्टमनला ‘घरी नाही’ सांगून लखोटा परत पाठवणे हा आपल्याकडचा लाडका उपाय, पण नाकारलेली नोटीस मिळालीच असे धरतात. समन्स आल्यावर गैरहजर राहिलात तर वॉरंट निघते. आरोप नाकारल्यावर कोर्ट 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई भरायला लावू शकते. दोष सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर पोलिसांची नोटीस आली. जावे का? (मिरज)

उत्तर : आधी नोटिशीत नागरिक सुरक्षा संहितेचे कोणते कलम आहे ते बघा. 179 असेल तर तुम्ही साक्षीदार, 94 असेल तर फक्त कागद मागितले आहेत, 35(3) असेल तर संशयित. 35(3) ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावणे ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केले आहे. तरी मेसेज पुसू नका. त्यावरच्या नंबरला फोन न करता संबंधित ठाण्यात चौकशी करा. नोटीस खरी निघाली तर लेखी प्रत घ्या आणि जा. व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ करून पैसे मागणारे पोलीस नसतात.

प्रश्न : निवडणुकीआधी तहसीलदारांकडून चॅप्टर केसची नोटीस आली. गुन्हेगार ठरलो का? (कराड)

उत्तर : नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 ची ही प्रतिबंधक कारवाई आहे, शिक्षा नव्हे. शांतता राखण्याचा जास्तीत जास्त एक वर्षाचा बाँड मागतात. नोटिशीत तुमच्याबद्दलची माहिती लिहिलेली असते. ती चुकीची वाटली तर लेखी म्हणणे द्या, साक्षीदार आणा. चौकशी सहा महिन्यांत संपली नाही तर एरवी ती आपोआप बंद होते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा 15100 वर विचारा. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.